जगलं तेच झाड



पावसाळा सुरू झाला की गावोगावी झाडं लावण्याचे कार्यक्रम होतात. खड्डे घेतले जातात, गाडीभर रोपं येतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. वर्षानं त्याच जागी जाऊन पाहावं तर कुठे नुसता खड्डा, कुठे वाळकी काडी. रोपं किती लावली याचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. किती जगली असं विचारलं की सगळे गप्प होतात.

आज आम्ही ज्या बायकांची गोष्ट सांगणार आहोत, त्यांनी जगलेल्या रोपांचा हिशेब ठेवला. गोष्ट आफ्रिकेतल्या केनिया देशाची आहे, १९७७ साली सुरू झालेली. तिथल्या बायकांच्या अडचणी ऐकताना आपल्याच वाडीतलं बोलणं चाललंय असं वाटेल, म्हणून आम्ही ती निवडली.

आपल्या कोकणकिनाऱ्यावरून समुद्र ओलांडून नैर्ऋत्येला गेलं की आफ्रिकेचा पूर्व किनारा लागतो. तिथे केनिया आहे. देशाचा मोठा भाग कोरडा, पावसाची वाट पाहणारा. पण मधल्या डोंगराळ भागात, माउंट केनिया या उंच पर्वताभोवती, पाऊस चांगला आणि माती लाल, सुपीक. तिथे किकुयू समाजाची शेती होती, दाट रान होतं, ओढे वाहत होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी इथली चांगली जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना दिली आणि मूळच्या लोकांना ठरवून दिलेल्या तुकड्यांत दाटीनं राहायला लावलं. जुनं रान तोडून चहा-कॉफीचे मळे झाले. पाइन, निलगिरी, वॅटल अशी भराभर वाढणारी परदेशी झाडं लावली गेली. ती लाकडाच्या धंद्याला सोयीची होती. पण जुन्या रानातली झुडपं, वेली, गवत त्यांच्याखाली टिकली नाहीत, आणि उघड्या पडलेल्या जमिनीत पाणी पूर्वीसारखं मुरेना. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला. तरी पैशाच्या पिकांची ओढ वाढतच गेली. चहा-कॉफीला जागा करायची म्हणून लोक आपापल्या शेतातलीही झाडं तोडू लागले.

याच डोंगराळ भागात, न्येरीजवळच्या इहिथे या खेड्यात १ एप्रिल १९४० रोजी एका शेतकरी कुटुंबात वांगारी नावाची मुलगी जन्मली. पुढे जग तिला वांगारी मथाई म्हणून ओळखू लागलं. आपण त्यांना वांगारीबाई म्हणू.

त्यांच्या घराजवळ मुगुमोचं मोठं झाड होतं. मुगुमो म्हणजे आपल्या वड-उंबराच्या कुळातलं झाड. जळण आणायला जाणाऱ्या लेकीला आईनं बजावलं होतं, की या झाडाखालची वाळकी काटकीसुद्धा आणायची नाही, हे देवाचं झाड आहे. त्या झाडाजवळ एक झरा होता. त्याचं पाणी पिता येई. पाण्यात बेडकाची अंडी मण्यांसारखी तरंगत, आणि छोटी वांगारी त्यांची माळ करायला बघे.

मोठेपणी शिकून परत आल्यावर त्यांनी पाहिलं तर मुगुमो नव्हता. जमिनीच्या नव्या मालकानं, फार जागा अडते म्हणून, तो तोडून तिथे चहा लावला होता. झराही आटला होता. पुढे त्यांच्या ध्यानात आलं, की त्या झाडाची मुळं खडक फोडून खोल पाण्यापर्यंत जातात. त्या वाटेनं पाणी वर येतं आणि झरा फुटतो. शिवाय ती मुळं डोंगराची माती धरून ठेवतात. आईला हे शास्त्र शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, पण झाड राखायचं हे तिला माहीत होतं. आपल्याकडेही उंबर दिसला की जवळ पाणी असेल, असं जुनी माणसं म्हणतातच.

वांगारीबाई हुशार निघाल्या. १९६० साली शिष्यवृत्ती मिळून त्या अमेरिकेला गेल्या, जीवशास्त्र शिकल्या. परत आल्यावर नैरोबीत, म्हणजे केनियाच्या राजधानीत, विद्यापीठात प्राण्यांच्या शरीररचनेचा अभ्यास केला आणि १९७१ साली डॉक्टरेट मिळवली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. विद्यापीठात त्या शिकवू लागल्या.

गुरांना गोचिडांपासून एक ताप येतो. त्याच्या अभ्यासासाठी त्या खेड्यांत जाऊन गुरांच्या अंगावरचे गोचीड गोळा करत. तिथे त्यांना गोचिडांपेक्षा वेगळंच काही दिसलं. गाई हाडाडलेल्या, कारण चारा नव्हता. पाऊस पडला की नदी गढूळ, तांबडी वाहायची, म्हणजे शेतातली माती वाहून चालली होती. माणसंही अंगानं रोडावलेली.

त्याच सुमारास, १९७५ साली, मेक्सिकोमध्ये जगभरच्या महिलांची मोठी परिषद व्हायची होती. तिची तयारी म्हणून केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेनं खेड्यापाड्यातल्या बायकांना विचारलं, तुमच्या अडचणी काय? बायकांनी सांगितलं, जळण मिळत नाही. प्यायला स्वच्छ पाणी नाही. जनावरांना चारा नाही. पोरांच्या पोटात धड अन्न जात नाही.

हे चार वेगवेगळे अर्ज वाटतात. वांगारीबाईंना त्यात एकच साखळी दिसली. झाडं गेली, म्हणून जळणासाठी लांब जावं लागतं. जळण कमी, म्हणून बाई चुलीवर काय चढवते तेही बदलतं. केनियात मका आणि घेवडा एकत्र शिजवतात, त्याला गिथेरी म्हणतात. ते अन्न ताकदीचं, पण शिजायला तासन् तास लागतात. लाकूडच नसेल तर बाई घेवडा शिजवणार कशी? मग पाव, मैदा, पांढऱ्या पिठाचं लवकर होणारं जेवण येतं आणि पोरं अशक्त होतात. झाडं गेली, म्हणून माती सुटली, आणि माती सुटली म्हणून झरे आटले नि शेत पिकेना. वांगारीबाई म्हणाल्या, मग आपण झाडं का लावू नयेत?

मैत्रिणींनो, आज आपण रोज हवामान बदलाच्या बातम्या ऐकतो. त्या बायकांच्या तोंडी तेव्हा हा शब्द नव्हता. पण रान गेलं की आधी कुणाच्या डोक्यावरचा हंडा जड होतो आणि कुणाची मोळी लांबून येते, हे त्या बोलत होत्या.

सुरुवात काही थाटात झाली नाही. झाडं लावून लोकांना रोजगार द्यायचा, असा एक प्रयत्न वांगारीबाईंनी आधी केला होता. तो पैशाअभावी बंद पडला. मग महिला परिषदेच्या वतीनं ५ जून १९७७ रोजी, जागतिक पर्यावरण दिनाला, नैरोबीतून मोर्चा निघाला आणि एका मैदानावर सात झाडं लावली गेली. त्या सातांतलीही बहुतेक पुढे जगली नाहीत. चळवळीचा पहिला धडा तोच होता. समारंभ झाला, लोक घरी गेले, पाणी कोण घालणार? शहरातल्या मैदानावर ते झाड कुणाचंच नव्हतं.

म्हणून काम खेड्यातल्या बायकांच्या गटांकडे गेलं. झाड त्यांच्या शेताच्या कडेला, शाळेच्या आवारात, रोज डोळ्यांसमोर राहील असं लावायचं ठरलं. ओळीनं हजार-हजार झाडं लावली की गावाभोवती हिरवा पट्टा तयार होई. त्यावरून चळवळीला ग्रीन बेल्ट मूव्हमेंट, म्हणजे हरित पट्टा चळवळ, हे नाव पडलं.

रोपं आणायची कुठून? वांगारीबाई वनखात्याच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. देशात माणशी एक झाड लावायचं, म्हणजे दीड कोटी रोपं लागतील, असं त्यांनी सांगितलं. साहेब हसले. लागतील तेवढी रोपं फुकट न्या म्हणाले, कारण बायका असं किती नेणार, असं त्यांना वाटलं. वर्षही झालं नाही तोच त्यांना शब्द मागे घ्यावा लागला. बायका फारच रोपं नेत होत्या, त्यांचे पैसे द्या, असा निरोप आला.

मग बायकांनी रोपं स्वतःच करायचं ठरवलं. वनखात्याची माणसं शिकवायला आली. जमिनीचा उतार किती, बी कोणत्या खोलीवर पेरायचं, असं ते अवघड भाषेत सांगू लागले. झाडं लावायला पदवी लागते, असंही कुणी म्हणालं. वांगारीबाईंनी बायकांना सांगितलं, ते सगळं बाजूला ठेवा. तुम्ही जन्मभर मका पेरता, घेवडा पेरता, बी कसं निवडायचं हे तुम्हाला कळतं. तसंच झाडाचं बी पेरा.

बायकांनी रानात जाऊन बी गोळा केलं. फुटके माठ, जुने डबे, जे मिळेल त्यात रोपं केली. कोंबड्या-शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून ती उंचावर ठेवली. एका गटाला जमलं की तो शेजारच्या गावाला शिकवी. पदवी नसलेल्या वनाधिकारी, असं वांगारीबाई कौतुकानं त्यांना म्हणत.

आणि पैशांचा नियम असा ठेवला, की रोप रोपवाटिकेतून बाहेर पडून जमिनीत लागलं आणि तिथे जगलं, तरच त्याचे पैसे. एका झाडाला अमेरिकेचे ४ सेंट. त्या काळच्या आपल्या पैशात तीस-चाळीस पैसे. रक्कम फार नव्हती. पण पुष्कळ बायकांना आपल्या कष्टाचा रोख मोबदला हातात मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. या नियमामुळे गटातली बाई लावलेल्या रोपाकडे पुन्हा पुन्हा जाई. कुठे वाळलं तर दुसरं लावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांच्या नोंदी ठेवायला नवऱ्यांना आणि मुलांना थोडं मानधन दिलं जाई. झाड बाईचं, वही नवऱ्याकडे! पण त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस त्या कामात आलं.

दहा-बारा वर्षांत ठिकठिकाणी रोपवाटिका उभ्या राहिल्या. १९८६ पासून शेजारच्या देशांतली माणसंही हे काम शिकायला केनियात येऊ लागली.

इथेच गोष्ट संपली असती तर ती नुसती झाडं लावण्याची गोष्ट झाली असती. पण बायका एकीकडे झाडं लावत होत्या आणि दुसरीकडे सत्तेतली माणसं सार्वजनिक जमीन वाटत सुटली होती. झाडाला जमीनच उरली नाही तर रोपं कुठे लावायची? म्हणून राखणीचं काम अंगावर आलं.

१९८९ साली सरकारनं ठरवलं, की नैरोबीच्या मधोमध असलेल्या उहुरू पार्क या बागेत ६० मजली इमारत बांधायची, शेजारी राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांचा पुतळा उभा करायचा. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. गरीब माणसाला सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन बसायला मिळणारी ती जागा. वांगारीबाईंनी पत्रं लिहायला सुरुवात केली. सरकारला लिहिलं, आणि ज्यांच्या पैशावर हे व्हायचं होतं त्या परदेशांतही लिहिलं. संसदेत त्यांची टिंगल झाली. घटस्फोटित बायकांची टोळी, असं त्यांच्या संघटनेला म्हटलं गेलं, कारण वांगारीबाईंचा घटस्फोट झाला होता. चांगली बाई असेल तर पुरुषांचा मान राखून गप्प बसेल, असं खुद्द राष्ट्राध्यक्ष बोलले. संघटनेला सरकारी जागेतलं कार्यालय सोडावं लागलं, तर वांगारीबाईंच्या घरातच कार्यालय थाटलं. शेवटी बाहेरचा पैसा मागे फिरला आणि इमारत झाली नाही. ती बाग आजही आहे.

नैरोबीच्या उत्तरेला करुरा नावाचं जंगल आहे, हजार हेक्टरच्या वर. त्याचे तुकडे करून मर्जीतल्या लोकांना बंगले बांधायला देणं चाललं होतं. ८ जानेवारी १९९९ रोजी वांगारीबाई काही माणसं घेऊन तिथे झाड लावायला गेल्या. राखणदार म्हणून आणलेल्या माणसांनी त्यांच्यावर हल्ला केला. वांगारीबाईंचं डोकं फुटलं. त्या तशाच पोलीस ठाण्यात गेल्या आणि तक्रारीवर आपल्या रक्तानं खूण केली. ही बातमी जगभर गेली. विद्यार्थी रस्त्यावर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांना जाहीर करावं लागलं, की यापुढे सार्वजनिक जमीन कुणाला वाटली जाणार नाही. करुरा वाचलं.

२००२ साली त्या राजवटीचा निवडणुकीत पराभव झाला. वांगारीबाई आपल्या भागातून प्रचंड मतांनी निवडून आल्या आणि पर्यावरण खात्याच्या उपमंत्री झाल्या. २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या आफ्रिकेतल्या पहिल्या महिला. झाडं लावणारीला शांततेचं पारितोषिक कसं, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. ज्या गावात पाण्यावरून, चराईवरून भांडणं झाली आहेत त्या गावातल्या माणसाला याचं उत्तर सांगावं लागत नाही. बातमी कळली तेव्हा वांगारीबाई न्येरीत होत्या. त्यांनी माउंट केनियाकडे तोंड करून एक झाड लावलं. तोपर्यंत चळवळीची झाडं ३ कोटींच्या वर गेली होती. आज चळवळ हा आकडा ५ कोटींच्या वर सांगते. भारतानंही २००६ चा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार त्यांना दिला.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एवढी झाडं लावून केनियाचा दुष्काळ हटला का? नाही. २०२० च्या अखेरीपासून पुढे तिथे ओळीनं पाच पावसाळे वाया गेले. गुरं मेली, लाखो माणसं उपाशी राहिली. श्रीमंत देशांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळलं. त्यातला कार्बन हवेत साठून पृथ्वीची उष्णता वाढते आहे, आणि त्यात केनियाचा वाटा अगदी थोडा आहे. झाडं हवेतला थोडा कार्बन धरून ठेवतात, पण कोळसा जळतच राहिला तर एकटी झाडं पुरी पडणार नाहीत. मात्र माती धरलेली असेल, झरा जिवंत असेल, दारात चारा-जळण असेल, तर वाईट वर्षात घर तग धरतं.

आणि स्वच्छ विजेचं काय? त्या बाबतीत केनिया पुढे आहे. तिथली बरीचशी वीज जमिनीखालच्या वाफेवर, धरणांवर आणि वाऱ्यावर तयार होते. तुर्काना सरोवराजवळच्या माळावर ३६५ पवनचक्क्या उभ्या आहेत. पण धरणाची वीज म्हणजे शेवटी डोंगरावरच्या रानातून आलेलं पाणी. २००० साली दुष्काळात धरणं आटली आणि केनियात वीज तासातासानं वाटून द्यावी लागली. म्हणजे शहरातला दिवासुद्धा माउंट केनियाच्या रानाला बांधलेला आहे.

दुसरी गोष्ट चुलीची. तारेतून स्वच्छ वीज आली, तरी खेड्यातल्या बहुतेक बायका अजून तीन दगडांच्या चुलीवरच रांधतात. जगात अशी धुराची चूल असलेल्या घरांत दोनशे कोटींहून जास्त माणसं राहतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या धुरामुळे वर्षाला तीसेक लाख माणसं दगावतात. गावात वीज आली एवढ्यावर काम झालं असं धरलं, तर ही बाई हिशेबातून सुटते. चूल कशावर पेटते हेही विचारायला हवं.

२५ सप्टेंबर २०११ रोजी वांगारीबाई कर्करोगानं गेल्या. माझ्यासाठी झाड तोडून लाकडाची शवपेटी करू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून त्यांची शवपेटी बांबू, लव्हाळं आणि जलपर्णी यांची विणलेली होती. जलपर्णी म्हणजे आपल्या नद्या-तळ्यांवर पसरून पाणी कोंडते तीच. नकोशा झालेल्या वनस्पतीचाही त्यांनी उपयोग करून दाखवला.

मैत्रिणींनो, केनियातल्या त्या बायकांकडे ना पदवी होती ना सत्ता. बी ओळखणारे हात होते, एकमेकींना शिकवणारा गट होता, आणि जगलेल्या झाडांची वही होती. त्या वहीमुळेच, पुढे जमीन गिळायला माणसं आली तेव्हा, ही झाडं आमची आहेत असं त्यांना ठामपणे म्हणता आलं.

गटाच्या पुढच्या बैठकीत या प्रश्नांवर बोला, आणि आम्हाला कळवा. आलेली उत्तरं आम्ही पुढच्या भागात वाचून दाखवू.

गेल्या दोन पावसाळ्यांत आपल्या गावात जी रोपं लागली, त्यांतली किती आज उभी आहेत? प्रत्यक्ष फिरून मोजा. जी जगली त्यांना पाणी कोणी घातलं?

आपल्या भागातली कोणती देशी झाडं कमी झाली आहेत? त्यांचं बी कुणाच्या ओळखीचं आहे? ज्या आजींना माहीत आहे त्यांना बैठकीला बोलवा.

आपल्या गावचं गायरान किती एकर आहे आणि आज त्यावर काय आहे? ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला गटातल्या किती जणी जातील?

पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.